माळ्यावरचा गॅस वेल्डिंग सेट: धुवायचा कसा, तपासायचा कसा, पेटवायचा कसा

बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा वाडा रिकामा केला तेव्हा माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. आत काकांचा गॅस वेल्डिंगचा सेट होता. पितळी टॉर्च, म्हणजे जिच्या तोंडाशी ज्योत पेटते ती, सात-आठ नोजलं, दोन रेग्युलेटर, गुंडाळलेल्या नळ्या, काळा चष्मा आणि तळाशी टाकणखाराची पुडी. काका कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेतून डिप्लोमा करून बाहेर पडले आणि पुढे तीस वर्षं मकरपुऱ्याच्या शेडमध्ये सायलेन्सर, रेडिएटर, फाटके पत्रे जोडत राहिले. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, पण सेटवर गंजाचा ठिपका नव्हता. पितळ नुसतं झगझगत होतं.

"दर खंडेनवमीला मीच पुसते ना," काकू म्हणाली. "तेलाचं बोट फिरवते, कुंकू लावते, झेंडू वाहते."

ऑक्सिजनचा रेग्युलेटर हातात घेतला तर बोटं बुळबुळीत झाली. त्याच्या तबकडीवर लाल अक्षरांत 'तेल वापरू नका' असं इंग्रजीत छापलेलं होतं. काकूला तेव्हा काही बोललो नाही. पण ज्यांच्या घरी वडिलांचा, मामांचा असा सेट पडून आहे आणि तो पुन्हा वापरात आणायचा विचार आहे, त्यांनी सुरुवात इथूनच करावी, म्हणून हे सगळं लिहितो आहे. बाकी हत्यारांना तेल म्हणजे आयुष्य. या एका हत्याराला तेल म्हणजे काडी.

तेलाचं नेमकं काय होतं

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला जाळायला मदत करतो. भरलेल्या बाटल्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, तो साधारण १५० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने कोंडलेला असतो. बाटल्याचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की तो रेग्युलेटरच्या तोंडाशी असलेल्या चिमुकल्या पोकळीत घुसतो आणि तिथली हवा दाबून टाकतो. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम होतो तेच इथे होतं, फक्त कित्येक पटींनी. क्षणभर तिथलं तापमान काही शे अंशांवर जातं. तेवढ्यात तेलाचा नुसता हात फिरलेला असला तरी तो पेट घेतो, आणि शुद्ध ऑक्सिजनच्या झोतात एकदा पेटलं की रबर जळतं, पॅकिंग जळतं, मग धातूही जळायला लागतो. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही.

म्हणून या सेटच्या बाबतीत 'साफ' याचा अर्थ चकचकीत नव्हे, तेलविरहित. काळपटलेलं पण कोरडं पितळ चालेल. झगझगीत आणि ओशट पितळ चालणार नाही. पितळ घासायची पावडर किंवा ट्यूबमधलं पॉलिशही नको. त्यातला मेणकट अंश मागे राहतो आणि भुकटी बारीक भोकांत जाऊन बसते. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, गंज सोडवायचा स्प्रे यांपैकी काहीही टॉर्चजवळ आणू नका. "आटे जाम झालेत, जरा ऑइल मार" असं सांगणारा मदतनीस असेल तर त्याला चहा आणायला पाठवा.

आधी तीन ढीग

जुन्या पांढऱ्या धोतराचा धुतलेला तुकडा टेबलावर पसरा. पांढऱ्यावर तेलाचा डाग लगेच दिसतो. हात भांड्यांच्या लिक्विडने स्वच्छ धुवा. मग पेटीतल्या वस्तूंचे तीन ढीग करा.

पहिला ढीग उघड्या पितळाचा आणि तांब्याचा: टॉर्चचा दांडा, मिक्सर (दोन्ही गॅस जिथे मिसळतात तो भाग), नोजलं, कटरचं डोकं. यांच्या आत-बाहेर पाणी जातं, म्हणून हे घरी धुता येतं.

दुसऱ्या ढिगात रेग्युलेटर आणि असतील तर फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे मागे शिरलेली ज्योत अडवणारे जोड. यांच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणून हे घरी उघडायचे नाहीत.

तिसरा रबराचा: नळ्या, ओ-रिंगा, वायसर. हा ढीग सरळ फेकायचा. वीस वर्षांची नळी वरून धडधाकट दिसते, पण मुठीत घट्ट वाकवली की बाकावर बारीक भेगा उमटतात. नळी चांगली निघेल या आशेने तपासत बसण्यात अर्थ नाही, नवी घ्या.

आमच्या लाल नळीत मध्येच एक जोड सापडला: फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा आत घालून वरून बाइंडिंग तार आवळलेली. हे नीट समजून घ्या, कारण असा जुगाड अजूनही पाहायला मिळतो. अ‍ॅसिटिलीन, म्हणजे ऑक्सिजनबरोबर जळणारा वेल्डिंगचा गॅस, शुद्ध तांब्याशी संयोग पावून कॉपर अ‍ॅसिटिलाइड नावाचा पदार्थ तयार करू शकतो, आणि तो कोरडा असताना नुसत्या घासण्याने, धक्क्याने फुटतो. म्हणून अ‍ॅसिटिलीनच्या वाटेवर ७० टक्क्यांपेक्षा जास्त तांबं असलेला जोड वापरत नाहीत. नेहमीचं पितळ चालतं, कारण त्यात तांबं त्याहून कमी असतं. नोजलं तांब्याची असतात हे खरं, पण तिथून गॅस वाहत बाहेर पडतो, नळीसारखा साचून राहत नाही. तो जोड काकांनी केला असेल की हाताखालच्या पोऱ्याने? काकांवर आळ घ्यायला माझं मन तयार नाही. मी नळी पाण्याने ओली केली, जोड न ओढता, न पिळता तसाच पाण्याच्या डब्यात ठेवला आणि डबा गॅस पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाकडे सोपवला.

आणखी दोन गोष्टी पेटीत निघू शकतात. एक, पांढरट धाग्याची दोरी किंवा जाडे पांढरे हातमोजे. जुन्या काळचे असतील तर ते अ‍ॅस्बेस्टॉस समजा, झटकू नका, ओले करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. दुसरी, कार्बाइडचा डबा किंवा कार्बाइडवर चालणारा जनरेटर. कार्बाइडला पाणी लागलं की अ‍ॅसिटिलीन सुटतो, एका किलोपासून जवळजवळ ३०० लिटर. बडोद्याच्या पावसाळ्यातली दमट हवासुद्धा त्याला पुरते. असा डबा हातोडीने किंवा पान्याने ठोकून उघडू नका, विस्तवापासून लांब, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला बोलवा. जनरेटर पुन्हा चालू करायचा मोह तर अजिबात नको.

आपल्याकडे काय आहे ते ओळखा

टॉर्चला दोन व्हॉल्व्ह असतात. ज्या बाजूच्या नटावर कडेने खाचा पाडलेल्या दिसतात ती जळणाऱ्या गॅसची बाजू, तिचे आटे उलटे म्हणजे डावे असतात. ऑक्सिजनची बाजू सुलट्या आट्यांची. नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ही योजना आहे. नट बसत नसेल तर जोर करू नका, बहुतेक आपणच चुकीच्या बाजूला असतो.

टॉर्च दोन जातींच्या. एकीत दोन्ही गॅस साधारण सारख्या दाबाने येऊन मिसळतात. दुसरी इंजेक्टरची, तिच्यात ऑक्सिजनचा वेगवान झोत अ‍ॅसिटिलीनला ओढून घेतो. दांड्यावर काही कोरलेलं नसेल तर पुढे सांगितलेली बोटाची परीक्षा उपयोगी पडेल.

नोजलं गॅसप्रमाणे वेगळी असतात. अ‍ॅसिटिलीनचं कटिंग नोजल बहुधा एकसंध असतं, एलपीजीचं दोन तुकड्यांचं, आतला गाभा थोडा आत दबलेला आणि त्यावर बारीक खाचा. एकाचं नोजल दुसऱ्यावर लावू नका. एलपीजी आणि ऑक्सिजनवर लोखंड कापता येतं, तापवता येतं, पितळेची झाळ देता येते, पण लोखंडाचं नीट वेल्डिंग होत नाही. त्या ज्योतीत वितळलेल्या लोखंडाला हवेपासून वाचवणारा भाग तयार होत नाही. वेल्डिंग करायचं असेल तर अ‍ॅसिटिलीनच. ती ज्योत ३,१०० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

धुणं

सुटे करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. नोजल सोडवायला नेमक्या मापाचा पाना घ्या, पकड नको. दांडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरायचा असेल तर जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या घाला.

गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड घालून सगळे भाग अर्धा तास भिजवा. मऊ प्लॅस्टिकच्या ब्रशाने घासा, आतल्या वाटा सिरिंजने साबणपाणी मारून धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळून काढा. हे निदान तीनदा. काकूचं तेल काढायला मला पाच वेळा धुवावं लागलं. तेल गेलं की नाही ते पाणीच सांगतं. धुतलेला भाग पाण्यात बुडवून वर धरा. पाणी पातळ पडद्यासारखं पसरून ओघळलं तर पृष्ठभाग स्वच्छ. ते थेंब थेंब होऊन सुटं झालं, आळूच्या पानावर होतं तसं, तर अजून ओशट आहे, पुन्हा साबण. आतल्या वाटा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बाहेर स्वच्छ झाल्यावरही आत आणखी दोन धुण्या.

हिरवा थर चढला असेल तर लिंबूसत्त्व घ्या, जे आपल्या वाण्याकडे 'लिंबूना फूल' म्हणून मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, भाग बुडवून पंधरा-वीस मिनिटं. रात्रभर ठेवू नका. जास्त वेळ आम्लात राहिलं तर पितळातलं जस्त निघून जातं, पितळ गुलाबी पडतं आणि तो भाग ठिसूळ होतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून, मग साध्या पाण्यातून काढा. शेवटची धुणी आरओच्या किंवा बॅटरीच्या पाण्याने द्या, नाहीतर बोअरच्या पाण्याचा क्षार बारीक भोकांत बसतो.

वाळवण्यासाठी गॅरेजमधला कॉम्प्रेसर वापरू नका. त्याच्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब येतात, म्हणजे केलेली सगळी मेहनत पाण्यात. ऑक्सिजनने फुंकायचं तर नावच काढू नका. हेअर ड्रायर आणि मकरपुऱ्याचं एप्रिलमधलं ऊन पुरेसं आहे. वाळलेले भाग स्वच्छ पिशवीत बंद करून ठेवा.

नोजल: इथे घाई नको

टॉर्च फटफट करते त्याचं मूळ दहातल्या आठ वेळा नोजलात सापडतं, असा माझा अनुभव. नोजल उजेडाकडे धरून भोकातून पाहा. भोक पूर्ण गोल आणि कड तीक्ष्ण दिसली पाहिजे. काजळी किंवा चिकटलेला थेंब असेल तर टिप-क्लीनर घ्या, कानशीसारख्या बारीक तारांचा तो संच वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. भोकात जी तार सहज जाते तिच्याहून एक नंबर लहान तार निवडा. सरळ आत, सरळ बाहेर. फिरवायची नाही, तिरकी घालायची नाही. तांबं मऊ असतं, दोन चुकीच्या फेऱ्यांत भोक तुतारीच्या तोंडासारखं पसरतं आणि मग ज्योत कायमची वाकडी. ड्रिलचं बिट, दाभण, सुई, स्टोव्हची पिन हे सगळं वर्ज्य.

तोंड खडबडीत झालं असेल तर सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर नोजल अगदी उभं धरा आणि आठच्या आकड्यात हळू फिरवा. पाच-सहा फेऱ्या पुरतात. नंतर भोक पुन्हा टिप-क्लीनरने साफ करून नोजल परत धुवा.

आता नोजल उलटं करा. टॉर्चच्या डोक्यात बसणारी बाजू, म्हणजे सीट, जास्त महत्त्वाची आणि तिच्याकडे कोणीच पाहत नाही. त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडलं तर ते नोजल भंगारात. सीटवर ओरखडा असेल तर दोन्ही गॅस डोक्याच्या आतच एकमेकांत गळतात आणि ज्योत मागे शिरायला वाट मिळते. काकांच्या आठ नोजलांपैकी तीन राहिली.

व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची पॅकिंग सैल असेल तर ग्लँड नट किंचित आवळा, व्हॉल्व्ह दोन बोटांनी फिरला पाहिजे. ओ-रिंगा त्याच टॉर्चच्या, ऑक्सिजनसाठी बनवलेल्या किटमधल्या घ्या. नळाच्या दुकानातली सारख्या मापाची रिंग चालत नाही. इंजेक्टर खोलू नका. सुटे भाग मिळायचे बंद झाले असतील तर टॉर्च भिंतीवर लावा, शोभेल.

रेग्युलेटर

तबकडीचा काटा शून्यावर आहे का, काच फुटली आहे का, दाब ठरवायचा स्क्रू मोकळा फिरतो का, तोंडातली गाळणी जागेवर आहे का, एवढं बाहेरून पाहायचं. पुढचं काम रेग्युलेटर दुरुस्त करून, चाचणी करून देणाऱ्याचं. आतला रबरी पडदा वर्षानुवर्षांत कडक होतो, सीटवर वळ उठतात, आणि मग स्क्रू मोकळा असतानाही बाहेरचा दाब आपोआप चढत जातो.

आमच्या ऑक्सिजन रेग्युलेटरवर बारा वर्षं तेलाचं बोट फिरलं होतं. ते तोंडातून आत किती ओघळलं असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. दुरुस्ती करणारे भाई हातात घेऊन दोन सेकंदांत म्हणाले, "आ तो गयो." मी दोन्ही रेग्युलेटर बाद केले, स्क्रू काढून टाकले म्हणजे चुकून कोणी लावणार नाही, आणि नवी जोडी घेतली. टॉर्च जुनी आणि रेग्युलेटर नवे ही वाटणी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. उरलेल्या पैशांत काटकसर करायची असेल तर ट्रॉलीवर करा.

नव्या खरेदीची यादी फार लांब नाही. ऑक्सिजनची निळी आणि अ‍ॅसिटिलीनची लाल नळी, दोन्हींना कारखान्यात दाबून बसवलेले नट. प्रत्येक रेग्युलेटरवर एक फ्लॅशबॅक अरेस्टर, टॉर्चच्या दोन्ही तोंडांना एकदिशा व्हॉल्व्ह. ठिणगीचा लायटर. ५ नंबरच्या शेडचा चष्मा, घरातला गॉगल नव्हे. अ‍ॅसिटिलीनच्या बाटल्याची चावी. साखळीची ट्रॉली. आणि ड्राय पावडरचं अग्निशामक.

बाटले

औद्योगिक ऑक्सिजनचा बाटला काळा, अ‍ॅसिटिलीनचा मरून. खांद्यावर शेवटच्या चाचणीचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ते वाचूनच बाटला घ्या. या बाटल्यांवर गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि ते राबवणारी 'पेसो' ही संस्था नागपूरहून चालते. मुद्दा एवढाच की बाटला परवानाधारकाकडून, पावती घेऊन आणायचा. माळ्यावर बेवारस बाटला सापडला तर व्हॉल्व्हला हात न लावता गॅस पुरवणाऱ्याला बोलवा. एलपीजी वापरणार असाल तर १९ किलोचा निळा बाटला, घरचा लाल नव्हे.

अ‍ॅसिटिलीनचा बाटला आतून पोकळ नसतो. अ‍ॅसिटिलीन नुसता दाबला तर स्वतःच फुटतो, म्हणून बाटल्यात सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्यात विरघळून राहतो. असा सुरक्षित पदार्थ शोधणाऱ्यांत स्वीडनचे गुस्ताफ डालेन हे मोठं नाव. १९१२ साली अ‍ॅसिटिलीनच्याच स्फोटात त्यांचे डोळे गेले आणि त्याच वर्षी दीपगृहांच्या दिव्यांसाठी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुकानात मरून बाटला आडवा लोळताना दिसला की मला हे गृहस्थ आठवतात. आडव्या बाटल्यातून अ‍ॅसिटोन नळीत येतं. रिक्षातून आडवा आला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा, मगच जोडा. बाहेरही अ‍ॅसिटिलीनचा दाब कधीच १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर न्यायचा नाही, नळी कितीही लांब असो.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते बडोदेकरांना सांगायला नको. बाटले सावलीत, हवेशीर, साखळीने बांधून.

जोडणी

बाटले ट्रॉलीवर उभे, साखळी लावलेली. टोपी काढा, व्हॉल्व्हच्या तोंडातले आटे पाहा. कुठे तेल दिसलं तर तो बाटला परत. बाजूला उभं राहून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून बंद करा, म्हणजे तोंडातली धूळ उडून जाईल. अ‍ॅसिटिलीनचंही तसंच, पण आसपास विस्तव, बिडी, चालू ग्राइंडर नसताना, मोकळ्या हवेत.

रेग्युलेटर हाताने आटे धरून लावा, मग पान्याने आवळा. टेफ्लॉन टेप लावू नका, इथे गळती आटे थांबवत नाहीत, धातूवर धातूची सीट थांबवते, आणि टेपचे तुकडे आत जातात. नंतर अरेस्टर, बाणाची दिशा पाहून. मग नळ्या. नव्या नळीत पांढरी भुकटी असते, म्हणून टॉर्च लावण्याआधी त्या त्या गॅसचा हलका झोत सोडून ती उडवा (बाटला उघडायचा तो पुढे सांगितलाय तसाच). मग एकदिशा व्हॉल्व्ह आणि टॉर्च.

आता सगळ्यांत जपायचा क्षण. दोन्ही रेग्युलेटरचे स्क्रू उलटे फिरवून पूर्ण मोकळे करा. तबकडीसमोर उभे राहू नका, बाजूला व्हा. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह इतका हळू उघडा की काटा चालत वर जाईल, उडी मारणार नाही. काटा थांबला की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अ‍ॅसिटिलीनचा मात्र पाऊण ते एक फेरा, आणि चावी तिथेच राहू द्या. गडबडीत बंद करायची वेळ आली तर चावी शोधायला वेळ नसतो.

इंजेक्टर टॉर्च असेल तर बोटाची परीक्षा आत्ता घ्या. लाल नळी टॉर्चवरून काढा, ऑक्सिजन लावून टॉर्चचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडा आणि लाल बाजूच्या मोकळ्या तोंडावर स्वच्छ बोट ठेवा. बोट आत ओढलं गेलं पाहिजे. उलट हवा बाहेर येत असेल तर इंजेक्टर तुंबलाय किंवा नोजल सैल आहे. ती टॉर्च पेटवायची नाही.

गळती

टॉर्चचे व्हॉल्व्ह बंद ठेवून दोन्ही नळ्यांत कामाचा दाब द्या. पाण्यात टीपॉलसारख्या लिक्विडचे थोडे थेंब टाकून ब्रशाने प्रत्येक जोडावर लावा. साबणाची वडी नको, तिच्यात चरबी असते. बुडबुडा फुगला तर दाब काढून मगच आवळा. नंतर बाटल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून पाच-दहा मिनिटं काटे पाहत बसा. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. काडी पेटवून गळती शोधणारे शूर मी पाहिले आहेत. अ‍ॅसिटिलीन हवेत अडीच टक्क्यांपासून थेट ८० टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो, एवढं सांगून पुढे जातो.

पेटवणं

कपडे सुती, पायांत बूट. नायलॉनचं जर्किन नको. खिशातला प्लॅस्टिकचा लायटर बाहेर. जमीन सिमेंटची असेल तर तिच्यावर थेट ज्योत मारू नका, सिमेंट तडकून उडतं. खाली फायर ब्रिक ठेवा.

आधी ऑक्सिजनचा, मग तो बंद करून अ‍ॅसिटिलीनचा व्हॉल्व्ह थोडे सेकंद उघडून नळीत चुकून शिरलेला मिश्र गॅस बाहेर काढा. दोन्ही एकदम नाही. दाब गॅस वाहत असतानाच ठरवा. समान दाबाच्या टॉर्चवर १.२ मिलिमीटर पत्र्याला २ नंबरचं, २ मिलिमीटरला ३ नंबरचं, ३ मिलिमीटरच्या जरा पुढे ७ नंबरचं नोजल आणि दोन्हीकडे साधारण ०.१४ किलो दाब चालतो. इंजेक्टर टॉर्चला ऑक्सिजन बराच जास्त लागतो, तिथे बनवणाऱ्याचा तक्ताच पाहा.

अ‍ॅसिटिलीन अर्धा फेरा उघडा, लायटरने पेटवा, टॉर्चचं तोंड बाटल्यांपासून आणि माणसांपासून लांब. पिवळी, काजळीची ज्योत येईल. धूर थांबेपर्यंत अ‍ॅसिटिलीन वाढवा. मग ऑक्सिजन हळू. ज्योतीच्या आत पांढरं पिसासारखं शेपूट दिसेल, ऑक्सिजन वाढवत गेलं की ते आखडतं. शेपूट नुकतंच नाहीसं होऊन गोल टोकाचा स्वच्छ शंकू उरला की ती समतोल ज्योत, लोखंडाची. शंकू टोकदार होऊन ज्योत सूं करू लागली तर ऑक्सिजन जास्त झाला. काका शेजारच्या पोराला सांगायचे, "डोळ्यांनी बघ, पण कानांनी ठरव." समतोल ज्योतीचा आवाज एकदा कानात बसला की चष्म्यातून पाहावंही लागत नाही.

पहिल्यांदाच हात लावत असाल तर एखाद्या कसबी वेल्डरला शेजारी उभं करा. हे वाचून हात तयार होत नाही.

फट्ट आणि शिट्टी

नोजल कामाला टेकलं, तापलं किंवा दाब कमी पडला की ज्योत 'फट्ट' करून विझते. बंद करा, नोजल गार होऊ द्या, तपासा, पुन्हा पेटवा. पण ज्योत दिसेनाशी होऊन टॉर्चच्या आतून शिट्टीसारखा आवाज आला, दांडा तापू लागला, तर आग आत शिरली आहे. टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद, लगेच अ‍ॅसिटिलीन, मग बाटले. कारण सापडल्याशिवाय ती टॉर्च पुन्हा पेटवायची नाही, अरेस्टरही तपासून घ्यायचे. अ‍ॅसिटिलीनचा बाटला हाताला गरम लागला तर तिथे एक क्षण थांबू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ फिरवा.

काम संपल्यावर मी टॉर्चवरचा अ‍ॅसिटिलीन आधी आणि ऑक्सिजन नंतर बंद करतो. तुमच्या टॉर्चच्या पुस्तिकेत उलटा क्रम असेल तर तो पाळा. मग दोन्ही बाटले बंद, एकेक नळी रिकामी करून काटे शून्यावर, स्क्रू मोकळे. नळ्या गुंडाळून ट्रॉलीवर, बाटल्याच्या गळ्यात हार घातल्यासारख्या नव्हे.

गेल्या दसऱ्याला शेडमध्ये पूजा झाली. लेथला, ड्रिलला, ऐरणीला तेलाचं बोट फिरलं. काकू ताट घेऊन टॉर्चपाशी आली, थांबली, आणि कुंकवाचं बोट ट्रॉलीच्या चाकाला लावून झेंडू साखळीत खोचला.

"तेल नाही ना लागलं कुठे?" तिनेच विचारलं, आणि पदराला हात पुसले.